परातीखाली झाकलेला दिवा

नवरात्रातला अखंड दिवा मध्येच विझला तर देवी रुसते का? लग्न होऊन कडावला आले तेव्हापासून हा दिवा मी जिवापाड सांभाळत आले, पण हे कुणाला विचारायचा धीर कधी झाला नव्हता.

यंदा सातव्या माळेच्या सकाळी सून खालापूरला कामाला निघाली आणि मी परसात झेंडू तोडायला गेले. जळका वास आला म्हणून धावत आत आले. घटावरच्या पहिल्या माळा वाळून कडकडीत झाल्या होत्या. त्यातली एक तुटून दिव्यात पडली होती. दिव्यातलं सगळं तेल भडकलं होतं आणि ज्वाळा खिडकीच्या पडद्याला लागली होती. कशीबशी पाण्याची कळशी उचलली, तेवढ्यात मागून सून ओरडली, "आई, थांबा! तेल पेटलंय, पाणी नका ओतू, आग उडंल!"

ती डबा विसरली म्हणून फाट्यावरून परत आली होती. तिनं कणकेची परात उचलली आणि दिव्यासमोर क्षणभर थबकली. माझ्याकडे पाहिलं. तिला काय विचारायचंय ते मला कळलं. देवीचा दिवा विझवायचा होता. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "घाल गं!" तिनं परात पालथी घातली, पडदा ओढून खाली पाडला आणि ओल्या चादरीनं दाबून टाकला. मी परात उचलायला गेले तर माझा हात धरला. "गार होऊ द्या आधी, नायतर परत पेटंल."

मग मात्र ती रडायला लागली. "आई, दिवा मी झाकला. देवी कोपंल का वो?" इतकी वर्षं मला वाटत होतं, देवीला मी जपतेय. मी घाबरून उभी होते तेव्हा देवीनंच माझं घर जपलं, आणि त्यासाठी विसरलेल्या डब्याचं निमित्त केलं. आगपेटी मी सुनेच्याच हातात दिली. दिवा पुन्हा लागला, या वेळी माळांपासून लांब, उघड्या फरशीवर. आता घरात कुणी नसेल तेव्हा आम्ही देवीला नमस्कार करून तो शांत करतो.

त्याच संध्याकाळी आरतीला शेजारीण हळूच म्हणाली, "काय गं, तुमचा अखंड दिवा इझला म्हनं?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "इझला नाय गं. माझ्या सुनेनं इझवला!"