नेट येईपर्यंत थांबलेली फायनल

जनरेटर सुरू झाला. टेबलावरचे दिवे लागले. नेट मात्र आलं नाही.

"खेळ सुरू करा," पाडवी मॅडम म्हणाल्या. त्या आमच्या रेफ्री. मोलगीकडच्या एका आश्रमशाळेत पीटी शिकवतात आणि स्पर्धेत कोणाचं ऐकून घेत नाहीत. नियमही साधा आहे. दिवे गेले तर मॅच थांबते, नेट गेलं म्हणून थांबत नाही.

मी सहा-दोन डावांनी पुढे होतो. समोर हेमंत. ब्रेक, म्हणजे नवा डाव फोडायचा पहिला फटका, माझा. कोणीही शहाणा खेळाडू लगेच टेबलावर वाकला असता. मी म्हणालो, "मॅडम, नेट येऊ द्या."

असं का म्हणालो, त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

मी व्यवसायाने पूल खेळाडू. शहाद्यात माझा क्लब आहे, तिथे शिकवतो आणि देशभर स्पर्धा खेळतो. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं होतं, "कोनता पूल? प्रकाशाना?" प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा तो पूल त्यांच्या रोजच्या रस्त्यावर. जावई बांधकाम खात्यात आहे असं समजून ते खूश झाले. मीही घाईने काही सांगितलं नाही.

आमचा मुख्य प्रकार नाइन-बॉल. टेबलावर नऊ बॉल असतात. पांढऱ्या बॉलने सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी टच करायचं, आणि नऊ नंबर ज्याने टेबलाच्या कडेच्या भोकात पाडला त्याचा तो डाव. त्या डावाला रॅक म्हणतात. मोठी फायनल आधी नऊ रॅक जिंकेल त्याची.

मी राज्य अजिंक्यपद जिंकलो तेव्हा हॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याचा भाऊ, कॅन्टीनवाला आणि टेबल कधी रिकामं होतंय म्हणून ताटकळलेले दोघं, एवढीच माणसं होती. पेपरात दोन ओळी आल्या. त्यातही आडनाव चुकलेलं.

हेमंत पुरुषोत्तमनगरचा. वडील साखर कारखान्यात. कापड फाटलेल्या एका जुन्या टेबलावर आम्ही दोघं एकत्रच शिकलो. तो चांगला खेळायचा, पण मोठ्या मॅचमध्ये मला कधी हरवू शकला नाही.

मग स्ट्रीमिंग आलं. हॉलमधल्या एकाच टेबलावर कॅमेरे लावतात आणि तिथली मॅच लाइव्ह दाखवतात. ते स्ट्रीम टेबल. बाकीच्या टेबलांवर काय झालं ते तिथल्या तिथे राहतं. स्ट्रीम टेबल कोणाला द्यायचं ते आयोजक ठरवतात. ज्याला लोक बघतात त्याला ते मिळतं, आणि ते मिळतं म्हणून लोक त्यालाच बघतात. पहिल्या एक-दोन स्पर्धांत ते हेमंतला मिळालं. त्याला खेळताना स्वतःशी बोलायची सवय. "आते हाऊ सात नंबर कोपरामा जाई," असं अहिराणीत बडबडत तो शॉट मारायचा. सुरतेत आणि पुण्यात राहणारे आपल्याकडचे लोक त्यावर फिदा झाले.

एकदा आम्ही दोघं प्रकाशाला दर्शनाला गेलो होतो. साक्रीकडचं एक कुटुंब धावत आलं. त्यांना हेमंतबरोबर फोटो हवा होता. मोबाईल त्यांनी माझ्या हातात दिला. मी फोटो काढला. आडवा आणि उभा, दोन्ही.

घरी मी त्याचे व्हिडिओ आवाज बंद करून बघायचो. बायकोला कळू नये म्हणून. इथे त्याने सेफ्टी खेळायला हवी होती, म्हणजे पांढरा बॉल दुसऱ्या बॉलमागे लपवून समोरच्याची वाट बंद करायला हवी होती, असं मनात म्हणायचो. तो लांबचा शॉट मारायचा, कधी चुकायचाही. तरी खाली बदामांची रांग. पोटात दुखणं म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे.

या स्पर्धेत सेमीफायनलला हेमंत स्ट्रीम टेबलावर होता आणि मी शेजारी ट्यूबलाइटखाली. इंदूरच्या एका तगड्या खेळाडूशी माझी मॅच होती. ब्रेकपासून नऊ नंबरपर्यंत त्याला खुर्चीतून उठू न देता मी रॅकमागून रॅक काढले. एवढं चांगलं मी आयुष्यात खेळलो नव्हतो. बघणाऱ्यांची माझ्याकडे पाठ होती. शेवटचा बॉल पाडला तेव्हा टाळ्या पडल्या, त्या हेमंतच्या शॉटला. इंदूरवाल्याने हात मिळवला आणि विचारलं, "सर, इसका वीडियो है क्या?"

नव्हता.

म्हणून फायनलला नेट गेलं तेव्हा मी अडून बसलो. पहिल्यांदा माझ्यावर कॅमेरा होता, हेमंत समोर हरत होता, आणि हे कोणाला दिसणार नाही?

हेमंत म्हणाला, "खेयी लेऊत ना भाऊ. नेटनं काय काम शे?"

"नही. नेट येऊ दे."

पाडवी मॅडमनी हेमंतकडे बघितलं. "दोघांची संमती असेल तरच थांबेन."

हेमंतने खांदे उडवले आणि चहा मागवला. आयोजक जगदीशभाईंना हायसं वाटलं. त्यांचे जाहिरातदार घरी बसून स्ट्रीमची वाट बघत होते. मी मात्र बसलो नाही. क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, खडू लावत फिरत राहिलो. डोक्यात व्हिडिओखालच्या कमेंट लिहून बघत होतो.

नेट आलं. मी शर्ट नीट केला आणि ब्रेक मारला. एकही बॉल पडला नाही. हात गार पडला होता. हेमंत उठला आणि बडबडत सगळे बॉल पाडून गेला. पुढचाही रॅक त्याचा. सात-सात झाले तेव्हा माझ्यासमोर सोपी सेफ्टी होती. मी ती खेळलो नाही. एक बॉल दुसऱ्यावर आदळवून नऊ नंबर लांबच्या कोपऱ्यात पाठवायचा शॉट घेतला. दिसायला सुंदर असतो तो. चुकला. तो रॅक गेला, त्यापुढचाही. मॅच नऊ-सात, हेमंतची.

बाहेर गाडीपाशी त्याने विचारलं, "तू कसाले थांबना? मी ते हारेलच व्हतू."

मी क्यूची पिशवी गाडीत ठेवली आणि दार लावलं. क्लबमध्ये आता शिकवताना एवढंच सांगतो, हात चालतोय तोवर खेळून घ्या. कोण बघतंय ते नंतर बघा.

दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या स्टँडवर एका कंडक्टरने मला थांबवलं. "भाऊ, काल हारनात ते तुम्हीच ना? मोबाईलमा देखं तुमले."

इतकी वर्षं खेळतोय. गावात पहिल्यांदाच कोणी ओळखलं. "हो," मी म्हणालो.

"मंग हेमंतदादाना नंबर शे का तुमनाजोडे?"

होता. मी नाही म्हणालो.