जावयाच्या हातातली किल्ली

तुमच्या आतोबांना पोलिसांनी पकडलं होतं, ही बातमी तुमच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोहोचली आहे. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आत्याकडे नक्की काय झालं?" आणि मी तुमच्या जेवणाखाण्याची चौकशी करत विषय बदलला. ते आतोबांनी ऐकलं. म्हणाले, "आई, लिहा त्यांना सगळं. आता तीही पोरं गाडी चालवायला लागली." म्हणून लिहिते.

मागच्या जानेवारीत आम्ही हुरड्याला गेलो होतो. माझ्या धाकट्या दिरांचं शेत मंगळवेढ्याच्या रस्त्याला आहे. आगटीत ज्वारीची कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ते कोवळे दाणे खायचे. बायका आगटीभोवती होत्या. पुरुषमंडळी हळूहळू विहिरीजवळच्या खोलीमागे गेली, तिथे काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. जावयाचा पेला रिकामा दिसला की दिरांना तो स्वतःचा अपमान वाटतो, मग पेल्यात ताक असो की आणखी काही. आतोबा एरवी फारसे घेत नाहीत. पण त्या दिवशी पेला रिकामा होऊच दिला गेला नाही.

उन्हं कलल्यावर निघालो. आतोबांचा चेहरा लाल होता आणि ते जरा जास्तच हसत होते. तुमची आत्या हळूच म्हणाली, "किल्ली द्या, मी चालवते."

दीर मोठ्याने हसले. "आगं, जावयाच्या हातातनं किल्ली काढून घेती व्हय? गडीमाणसं बघायलीत की!"

झालं. आत्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. आमच्याकडे जावयाला आणखी वाढतात, आग्रह करतात, पण थांबा म्हणत नाहीत. ती दोघं पुढे निघाली आणि मी दिरांच्या जीपमधून मागे.

शहराच्या तोंडाशी नाकाबंदी होती. आम्ही पोहोचलो तेव्हा आतोबा रस्त्याच्या कडेला उभे राहून यंत्राच्या नळीत फुंकत होते. हवालदाराने आकडा पाहिला, त्यांनाही दाखवला, आणि म्हणाला, "साहेब, गाडी बाजूला घेतो आम्ही. तुम्ही आमच्याबरोबर या."

चौकीतल्या बाकावर आत्या माझा हात धरून बसली. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "लायसन गेलं तर नोकरी जाईल गं." तुम्हाला माहीत आहे, आतोबा औषध कंपनीचे प्रतिनिधी आहेत. अक्कलकोट, पंढरपूर, माळशिरस, सगळीकडे स्वतःच गाडी चालवत डॉक्टरांना भेटायचं, हेच त्यांचं काम. चालवण्याचा परवाना नाही तर काम नाही.

दीर ओळखीच्या माणसांना फोन लावत फेऱ्या घालत होते. कोणी उचलत नव्हतं. मग ते आत जाऊन आतोबांच्या कानाशी काहीतरी बोलले आणि विजयी चेहऱ्याने बाहेर आले. "वहिनी, काळजी करू नका. रक्ताला न्हाय म्हणा म्हणलंय मी. रक्तच न्हाय तर पुरावा कुठला?"

आतून फौजदारबाईंचा आवाज आला, "रक्ततपासणीला नकार आहे, असं लिहू का मग?" आणि आतोबांचा, अगदी बारीक, "हो."

मी शाळेत शिकवलेली एक मुलगी आता वकील आहे, इथल्याच एका मुस्लिम व्यापारी घरातली. तिला फोन लावला. दिरांचा सल्ला ऐकल्यावर तिने मला पूर्ण बोलूही दिलं नाही. "बाई, आधी त्यांना सांगा, नकार देऊ नका. सबळ कारणाशिवाय नकार दिला तर तो नकारच कोर्टात त्यांच्याविरुद्ध जातो. अटक केल्यापासून दोन तासांच्या आत डॉक्टरांकडे नेलं पाहिजे, ते बघा. अटक का केली हे विचारायचा त्यांना हक्क आहे, घरच्यांना कळवायचा आहे, वकिलाशी बोलायचा आहे. गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन मिळेल. वाचल्याशिवाय कशावर सही नको. आणि बाई, काकांना जरा बाहेर बसवा."

मी ते सगळं आत्याला सांगितलं. ती उठली आणि सरळ आत गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"तुम्ही नको म्हणालात?"

"काका म्हणाले म्हणून..."

"काका काय न्यायाधीश आहेत? शेतावर काकांना नाही म्हणता आलं नाही, निदान इथे तरी म्हणा."

मग आतोबा म्हणाले, "मॅडम, लिहू नका तसं. तपासणीला तयार आहे मी."

फौजदारबाई म्हणाल्या, "बरं केलंत. चला, गाडी लावलीय." दिरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान फिरवून बसले.

सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं. मग जामिनावर सोडलं. जामीन राहिले ते दीरच.

त्यानंतरचे आठवडे मला तरी फार जड गेले. रक्ताचा अहवाल यायचा होता. दारावरची बेल वाजली की आत्या दचकायची. आतोबा जेवताना मान वर करत नसत. अहवाल आला, आणि दारूचं प्रमाण मर्यादेच्या बरंच वर निघालं.

वकीलबाईंनी सगळं स्वच्छ मांडलं. पहिल्या गुन्ह्याला दंड होऊ शकतो, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दोन्हीही होऊ शकतात. परवाना निलंबित होऊ शकतो. पुन्हा सापडले तर शिक्षा वाढते. खटला लढायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

"लढू की मग!" दीर म्हणाले.

"लढू, काका. पण तपासणी वेळेत झालीय, कागद नीट आहेत. काय म्हणून लढायचं, ते तुम्ही सांगा."

आतोबा म्हणाले, "मी प्यायलो होतो. तेच सांगतो."

कोर्टात न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, कोणाच्या दबावाखाली कबुली देताय का? गुन्हा कबूल केला तर शिक्षा होईल, कैदही होऊ शकते, हे माहीत आहे ना? कैद हा शब्द त्यांनी उच्चारला तेव्हा आत्याची नखं माझ्या मनगटात रुतली. आतोबांनी "कोणाचाही दबाव नाही" असं स्पष्ट सांगितलं. दंड झाला. कैद झाली नाही. परवाना काही महिन्यांसाठी निलंबित झाला.

कंपनीतल्या साहेबांना आतोबांनी स्वतःच जाऊन सांगितलं, दुसऱ्याकडून कळण्याआधी. नोकरी राहिली, पण फक्त शहरापुरती. आता ते औषधांची बॅग घेऊन नवी पेठेतल्या गर्दीतून पायी किंवा रिक्षाने हिंडतात. वर्षानुवर्षं जमवलेला माळशिरसचा भाग दुसऱ्या माणसाकडे गेला.

मागच्या आठवड्यात तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा फोन आला. आतोबांनी तो आमच्यासमोरच घेतला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "आवो, हायसा कुटं? लई दिवस झालं. आमाला वाटलं, नोकरी सोडली का जग सोडलं!"

तब्येत बरी नव्हती, बदली झाली, काहीही सांगता आलं असतं. आतोबा म्हणाले, "डॉक्टर, दारू पिऊन गाडी चालवली. पकडलं. परवाना निलंबित आहे."

डॉक्टर म्हणाले, "असं व्हय... बरं. परवाना आला की या. चहा हितंच घ्यायचा. न्हाय आलं तर मी तुमच्या साहेबाला फोन करतो."

फोन ठेवल्यावर आतोबा खिडकीशी जाऊन उभे राहिले. परवाना पुढच्या महिन्यात परत मिळेल, असं वकीलबाई म्हणतात. तो भाग परत मिळेल की नाही, ते साहेबांनी अजून सांगितलेलं नाही.