चार कोरडे कागद

आज सकाळी गुडघे टेकून मी आमच्या जुन्या गाडीच्या चारही चाकांशी रात्री अंथरलेले वर्तमानपत्राचे कागद ओढून काढले. या गाडीच्या ब्रेकने एकदा उतारावर दगा दिला होता. तेव्हापासून बायकोने तिच्यात पाय ठेवलेला नाही. मुलगी मेकॅनिक. तिने काल पुढचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले, नवे पाइप जोडले आणि म्हणाली, "बाबा, आता तुम्ही तपासा."

कागद उजेडात धरले. ब्रेक ऑइलचा एक ठिपकाही नाही. आपण सगळे आपल्या कामाची खूण मागे राहावी म्हणून धडपडतो. इथे खूण न राहणं हीच कामाची पावती. मग गाडीत बसून ब्रेकचं पेडल दाबलं. घट्ट लागलं. पुन्हा दाबलं, आणि तिसऱ्यांदा नुसतंच, बरं वाटलं म्हणून.

"काय बाबा?"

"कोरडे आहेत," मी म्हणालो. शाबासकी मला कधी जमलीच नाही.

दारातून ऐकणारी बायको चपला घालून आली आणि पुढच्या सीटवर बसली.

"अगं, अजून मैदानावर चाचणी घ्यायचीय!"

"घ्या की," मुलीकडे बघत ती म्हणाली, "मी बसलेय."