बत्तीस तोंडांखालचा नंबर

कल्पिताला राग यायला फार काही लागत नसे. कोणी "मोबाइलवर मोठं करून बघतील की लोक" म्हटलं की पुरे. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका ऑफिसात ती नऊ वर्षं दवाखान्यांच्या, सोनारांच्या, क्लासवाल्यांच्या वेबसाइट बनवत होती, आणि मालक लोक आपल्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर बघून खूश झाले की तिच्या डोक्यात तिडीक जायची. गिऱ्हाईक काय तुमच्या खुर्चीत येऊन बसणार आहे? म्हणून ती प्रत्येक वेबसाइट आधी सासूच्या, बायजाबाईंच्या, तडा गेलेल्या फोनवर उघडायची. बायजाबाईंनी चष्म्याशिवाय, एका अंगठ्याने नंबर शोधला तर काम झालं. नाहीतर पुन्हा बसायचं.

खडवलीच्या रस्त्याला सासरच्यांचा लग्नाचा हॉल होता. जमीन भाऊबंदांची, कारभार चुलत सासरे धाकूशेठांचा, आणि स्वयंपाकघर बायजाबाई नि गावातल्या चार बायकांचं. दोन हंगाम हॉल जवळजवळ रिकामा गेला, तेव्हा धाकूशेठांनी जाहीर केलं, तुळशीच्या लग्नापर्यंत तारखा भरल्या नाहीत तर हॉल गोदामाला देणार. गोदामाला स्वयंपाकघर लागत नाही. बायजाबाई घासलेली पातेली पुन्हा घासत बसल्या. ते कल्पिताला बघवलं नाही.

हॉलची वेबसाइट होती, गावच्या फ्लेक्सवाल्याने केलेली. नवरात्रात टेंभी नाक्याला लागतात तसा शुभेच्छांचा एक फलकच त्याने उचलून वेबसाइटवर चढवला होता. सर्वात वर धाकूशेठ, गळ्यात जाड साखळी. मग भाऊ, मेहुणे, जावई, व्याही. एकूण बत्तीस तोंडं. कॉम्प्युटरवर ती ओळीने बसायची, फोनवर एकाखाली एक लोंबायची. बुकिंगचा नंबर बत्तिसाव्या तोंडाच्या खाली, मुंगीएवढा.

कल्पिताने कोणाला न विचारता सगळी तोंडं काढून टाकली. वर हॉलचा फोटो, किती माणसं बसतात, कुठल्या तारखा मोकळ्या आहेत, आणि अंगठ्याएवढं हिरवं बटण. दाबलं की थेट बायजाबाईंचा फोन वाजायचा. बारा दिवसांत तीन तारखा ठरल्या. बायजाबाई पदराला हात पुसत फोन घ्यायच्या आणि प्रत्येकाला आधी विचारायच्या, जेवायला माणसं किती?

तेराव्या दिवशी धाकूशेठांचा मेहुणा सीताराम याने वेबसाइट उघडली. त्याचं तोंड गायब! संध्याकाळी हॉलच्या अंगणात सगळी भावकी जमली.

"ए पोरी," धाकूशेठ गरजले, "आमची थोबारां कं गेली?"

"काका, सगळ्यांचे फोटो खाली लावते. आधी नंबर दिसू दे."

"खाली? म्हंजे पायाशी?"

"तुमची तोंडं बघून कोणी लग्न करणार नाहीये!"

सुनेने असं बोलू नये, खरंय. पण कोणीतरी बोलायला हवंच होतं. तिने सासूच्या फोनवर जपून ठेवलेलं जुनं पान उघडून धाकूशेठांच्या हातात दिलं. "घ्या. तुम्हीच नंबर शोधून दाखवा."

धाकूशेठांनी अंगठा फिरवला. सातव्या तोंडाशी थांबले. "यो सीताराम माज्या भावाच्या वर कसा?" मग काय, कोण वर नि कोण खाली यावरून अशी जुंपली की एकमेकांच्या आजोबांपर्यंत गेली. नंबरापर्यंत कोणी पोचलंच नाही.

"जाऊ दे ना यार, कल्पू," नवरा दिपेश कानाशी म्हणाला. "मोठे आहेत ते."

आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवाल्याने हिरवं बटण काढून तोंडं परत चढवली. भांडण मिटवायला दोन वाढवली, चौतीस झाली. बायजाबाईंचा फोन गप्प झाला. दिवाळीभर त्या तो शेगडीजवळ घेऊन बसल्या, आणि चार्ज आहे ना, म्हणून कल्पिताला विचारत राहिल्या. तुळशीचं लग्न लागलं. "तीन तारखांवर हॉल चालत नाय," म्हणून धाकूशेठांनी त्या तिघांनाही नाही म्हणून कळवलं.

गोदामवाल्याचा बोर्ड लागला त्या सकाळी बायजाबाई नि कल्पिता भांडी काढत होत्या. बोर्ड पांढराफेक होता. वर "गोदाम", खाली हातभर उंचीच्या आकड्यांत मोबाइल नंबर.

धाकूशेठांनी तो वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "कोनाचाच फोटू नाय यावर?"

"फोटो कशाला, शेठ?" शिडीवरचा माणूस म्हणाला. "गिऱ्हाइकाला नंबर पायजे. पटकन दिसला की फोन लावतो."

धाकूशेठांनी मान डोलावली. "बरोबर हाय. हुशार मानूस दिसतो तुमचा मालक."

कल्पिता सर्वात मोठ्या पातेल्याचा एक कान धरून उभी होती. तिने धाकूशेठांकडे पाहिलं. तोंड उघडलंही.

"उचल," दुसरा कान धरून बायजाबाई म्हणाल्या. "टेम्पोवाला खोळंबलाय."