गंजीआडची रेंज

भाऊबंदांची माया किती खोल असते हे ज्याला बघायचं असेल, त्यानं गावाकडच्या घराला एक पावसाळा कुलूप लावून ठेवावं. मी ठेवलं होतं. वडील गेल्यावर राधानगरीच्या बाजूचं आमचं घर माझ्या नावावर झालं. मी एकुलती एक मुलगी, लग्न मोडलेली, राजारामपुरीत भाड्याच्या खोलीत राहून एका क्लासमध्ये दहावीचं गणित शिकवणारी. सुगी संपल्यावर घर उघडायला गेले, तर सोप्यात आढ्यापर्यंत वैरण रचलेली. शेजारच्या चुलतभावानं मागच्या दाराची कडी काढून आमच्या घराचा गोठा करून टाकला होता. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते मी त्या दिवशी बघितलं.

ती वैरण मी एकटीनं बाहेर ओढली आणि त्याच्या खळ्यावर नेऊन टाकली. तो खळ्याच्या कडेला तंबाखू मळत उभा होता.

"काय पावणं," तो म्हणाला, "ऱ्हाणार हायसा व्हय?"

आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. एस्टीत शेजारी बसलेल्याला, चहाच्या टपरीवर पत्ता विचारणाऱ्याला. त्यात वाईट काही नाही. पण ज्या बहिणीला लहानपणी खांद्यावर बसवून म्हसोबाच्या जत्रेला नेलं, तिला पावणं म्हणायचं, आणि वर 'हायसा, करतासा' असं आदरानं बोलायचं, म्हणजे तू इथली नव्हेस, चहा पी आणि वाटेला लाग. तो सगळ्या गावासमोर मला पावणंच म्हणे. शिवी दिली असती तर मी परत दिली असती. त्या आदरानं मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी राहणारच होते. क्लासच्या सरांनी संध्याकाळची एक बॅच घरून, ऑनलाइन शिकवायला परवानगी दिली होती. अट एकच, शिकवताना चित्र अडकलं नाही पाहिजे. पालक फी भरतात ते मॅडमचं तोंड अर्धवट उघडं बघायला नाही, असं सर म्हणाले, आणि ते खरंच होतं. बॅच टिकली तर मी गावात टिकणार. बॅच गेली तर पुन्हा राजारामपुरीतली खोली, घराला पुन्हा कुलूप, आणि सोप्यात पुन्हा वैरण. इतका सरळ हिशेब होता. तो चुलतभावालाही कळत होता, म्हणून तो रोज विचारायचा, "कोल्हापूरला कवा जाणार?"

गावात केबलचं इंटरनेट नाही. जे काही येतं ते मोबाइलच्या रेंजवर. आमचं घर डोंगराच्या कुशीत, मागे चढ, चढावर चुलतभावाचं खळं आणि गोठा. घरात रेंज म्हणाल तर स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या वरच्या गजाला फोन बांधला की एक कांडी. मी राउटर आणला, सिमकार्ड घातलं, तो माळ्यावर ठेवला, खिडकीत ठेवला, कणगीवर ठेवला. पहिल्या दिवशी वर्गमूळ काढता काढता माझा आवाज गेला आणि एका मुलानं स्क्रीनवरच्या फळ्यावर लिहिलं, 'मॅडम, तुम्ही पुतळा झालाय.'

तेव्हा बाहेरून अँटेना लावायचं ठरवलं आणि कोल्हापूरला गेले. दुकानदारानं एक पांढरी काठी काढली. "ही घ्या मॅडम, डोळं झाकून घ्या. चारी बाजूनं ओढती." चारी बाजूंनी ओढते हे ऐकून मलाही बरं वाटलं. माणूस संकटात असला की त्याला चारी बाजूंनी मदत हवीच असते. वर त्यानं लांबलचक वायर दिली, म्हणजे राउटर कुठंही ठेवा. मी घेतली. डोळे झाकूनच घेतली म्हणायचं.

काठी छपरावर लावली आणि रेंज होती त्याहून वाईट झाली. फोनमध्ये रेंजचा आकडा बघायची सोय असते. तो उण्यात असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. घरात तो उणे एकशे अठरा होता. काठी लावून, ती लांबलचक वायर खाली आणून, उणे एकशे एकोणीस. चारी बाजूंनी ओढणारी काठी चारी बाजूंचा गोंगाट ओढत होती, आणि जे थोडंफार येत होतं ते वायर वाटेत गिळत होती. उणे संख्या मी दरवर्षी शिकवते. एवढा राग मला त्यांचा कधी आला नव्हता.

दुकानदार परत घेईना. "आमच्या काठीत दोष न्हाय, तुमच्या गावात दोष हाय," म्हणाला. मी त्याच्याशी दुकानात उभी राहून इतक्या मोठ्यानं भांडले की आत आलेली दोन गिऱ्हाइकं परत गेली. शेवटी त्यानं काठी ठेवून घेतली आणि त्याबदली दुसरा अँटेना दिला. एका दांड्यावर आखूड सळया बसवलेला, एकाच दिशेला बघणारा, जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखा. वायर मी त्याच्यासमोर हातभर ठेवून बाकीची परत केली. राउटर माळ्यावरच, अँटेनाच्या पोटाशी ठेवायचा, हे तोवर मला कळलं होतं.

आता हा एका दिशेला बघणारा अँटेना बघणार कुठं? इथं गाव मदतीला आलं. मदत नको असते तेव्हा गाव नेहमी येतं.

समोरच्या डोंगरावर लाल दिव्याचा एक टॉवर दिसतो. सगळ्यांचं एकच म्हणणं, "त्यो काय समोर दिसतोय की!" मी सांगून दमले की तो दुसऱ्या कंपनीचा आहे, माझ्या सिमचा नाही. पण दिसणारा टॉवर सोडून न दिसणाऱ्याकडं तोंड करायचं हे कुणाला पटेना. चार माणसं छपरावर चढली आणि पूर्वी टीव्हीचा अँटेना फिरवायचे तसा पाइप गरागरा फिरवू लागली. "आलं का?" "न्हाय!" "आता?" "गेलं!" फोनवरचा आकडा बदलायला क्षणभर वेळ लागतो, तोवर ह्यांनी पाइप आणखी चारदा फिरवलेला. दोन कौलं फुटली. चुलतभाऊ खळ्यावरून बघत होता. "पावणं, नेट घावलं न्हाय तर माळव्याच्या येलाला आधार म्हणून ऱ्हाऊ दे पाइप," तो ओरडला. सगळे हसले. मी सगळ्यांना खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी एकटी चढले. पाइप थोडा फिरवायचा, थांबायचं, आकडा बघायचा, पुन्हा थोडा. समोरच्या टॉवरच्या दिशेला काहीच नव्हतं. डावीकडं थोडं बरं. आणि मग पाठीमागे, चढाच्या बाजूला, डोंगरात एक खिंड आहे तिकडं तोंड केल्यावर आकडा एकदम उणे शहाण्णव झाला. टॉवर खिंडीपलीकडं कुठंतरी होता, तो मला आजवर दिसलेला नाही. पण रेंज त्या खिंडीतून येत होती आणि माझ्या छपरावर पोचण्याआधी नेमकी चुलतभावाच्या खळ्यावरून येत होती. देवानं एवढं मोठं आभाळ केलं, त्यातली तेवढीच वाट मला दिली.

बॅच सुरळीत सुरू झाली. महिनाभर मी सुखात होते, आणि माझं सुख चुलतभावाला भिंतीतून ऐकू येत होतं. मग त्यानं डेअरीत सांगितलं की माझ्या अँटेनाच्या काट्याचं तोंड त्याच्या गोठ्यावर रोखलेलं आहे आणि त्यामुळे त्याच्या म्हशीच्या दुधाचं फॅट उतरलं. दुधात पाणी घालणाऱ्यानं फॅटबद्दल बोलू नये, असं मी डेअरीतच सगळ्यांसमोर म्हणाले. वहिनी दोन दिवस माझ्या दाराकडं बघून पिंका टाकत होत्या.

वळवाचे दोन पाऊस झाले आणि त्यानं गंजी हलवली. पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजी दरवर्षी खळ्याच्या वरच्या अंगाला, गोठ्याजवळ असते. म्हशींना वैरण हाताशी मिळावी म्हणून सगळं गाव तशीच रचतं. ह्यानं ती खालच्या कडेला, माझ्या भिंतीला लागून रचली, आणि अशी उंच रचली की शेवटच्या पेंढ्या शिडीवरून फेकाव्या लागल्या. वर निळा कागद बांधला, कडेनं मात्र उघडी. म्हशींपासून वैरण लांब नेणारा शेतकरी मी तरी दुसरा पाहिलेला नाही. भिजलेली गंजी म्हणजे रेंजला धरणाची भिंत. खिंड माझ्या अँटेनाला दिसेनाशी झाली. मी पाइपला आणखी एक पाइप जोडून उंची वाढवली, तो आमच्याकडच्या वाऱ्यानं एका दुपारीत वाकवून ठेवला.

मी त्याच्या दारात गेले. "दादा, गंजी जरा वर घ्या," म्हणाले. मी त्याला दादाच म्हणत आले आहे.

"जागा आमची, पिंजर आमचं," तो म्हणाला. "तुमचं नेट आमच्या जागंवरनं जातंय, त्याचं आमी काय इचारलं व्हय? बसा, च्या घ्या पावणं."

"म्हशी खातील तशी हुईल की बारीक गंजी," आतून वहिनी म्हणाल्या. "दिवाळीपातूर दम धरा."

चहा न घेता मी परतले. तीन संध्याकाळी बॅच अडखळली. सरांचा फोन आला. सर आवाज चढवत नाहीत, तेच जास्त लागतं. "मॅडम, पुढच्या सोमवारीसुद्धा असंच झालं तर मी बॅच दुसऱ्यांना देतो. तुम्ही इकडं या, जागा आहे तुमच्यासाठी." फोन ठेवला आणि खिडकीतून ती गंजी बघत बसले. काडी लावावी असं मनात आलं. भिजलेली होती म्हणून नाही, माझ्या घराला लागून होती म्हणून लावली नाही, एवढंच.

मग पाऊस लागला. राधानगरीचा पाऊस सुरू झाला की आठवडा-आठवडा तोंड मिटत नाही. सोमवारी सकाळी परड्यात भांडी घासत असताना समोरून पाणी वाहताना दिसलं आणि माझा हात थांबला. चुलतभावाच्या खळ्याचं, गोठ्याचं, छपराचं सगळं पाणी उतारानं एका चरातून माझ्या परड्यात येतं आणि पुढं ओढ्याला जातं. हा चर माझ्या वडिलांनी दिलेला. कुठं लिहिलेलं नाही. 'भावाचं पाणी कुठं जाणार?' एवढंच म्हणून दिलेला. नेट त्याच्या जागेवरून जातं म्हणून ऐकवणाऱ्याचं पाणी माझ्या जागेतून जन्मभर जात होतं, आणि त्याला ती माझ्या बापाची देणगी वाटत नव्हती, हक्क वाटत होता.

नाक दाबलं की तोंड उघडतं. मी कुदळ घेतली. चराच्या तोंडाशी जुन्या चौथऱ्याचे दगड ओढून लावले, मधल्या फटींत मातीची पोती दाबली, वर उभी राहून ती पायानं बसवली. पाणी थांबलं, फुगलं, आणि खळ्याच्या खालच्या कडेला पसरायला लागलं. खालच्या कडेला गंजी होती. त्यानंच तिथं आणून ठेवलेली. दुपारपर्यंत गंजीचा तळ पाण्यात उभा होता, आणि वैरण तळातून भिजली की कुजायला किती वेळ लागतो हे म्हशी पाळणाऱ्याला मी सांगायला नको.

तो पावसातच धावत कडेला आला. गावातली पाच-सहा माणसं इरली-छत्र्या घेऊन जमली. मी दगडांवर कुदळ टेकून उभी होते.

"काढ ते दगड!" तो ओरडला.

"गंजी काढ," मी म्हणाले. त्या दिवशी माझ्याही तोंडचं अहो-जाहो गेलं होतं.

"माझी वाट हाय ती! चुलत्यानं दिलीया!"

"मग त्याच्या लेकीला विचार."

"तुझ्या आयला!" तो चिखलात पाय आपटत म्हणाला. "बापावर गेलीस! अगदी बापावर! त्यो बी असाच हेकट हुता, मरंल पर बांध सोडायचा न्हाय! सगळं खानदानच तुमचं हरामखोर!"

जमलेल्यांत कुणीतरी म्हणालं, "तुझंबी त्येच खानदान हाय की रं!" त्यावर तो त्या माणसाच्या अंगावर धावला. मला एकदम कळलं की ह्यानं मला पावणं म्हटलेलं नाही. अगं-तुगं केलं, आईवरून बोलला, बापाचा उद्धार केला. पावण्याला कुणी बापावरून शिव्या देत नाही. पावण्याला चहा देतात. बांधावरून आणि पाण्यावरून शिव्या खायचा मान फक्त भाऊबंदाला असतो. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी त्याला त्याहून मोठी शिवी दिली.

संध्याकाळी बॅच सुरू केली तेव्हा भिंतीपलीकडं पेंढ्या उपसल्याचे धप्प धप्प आवाज येत होते. तो आणि वहिनी गंजी वर नेत होते आणि प्रत्येक पेंढीला माझ्या नावानं बोटं मोडत होते. पहिलं उदाहरण अडकत अडकत झालं. दुसऱ्याला मुलांनी सांगितलं, "मॅडम, आता नीट दिसताय." मुलांना बाहेरचे आवाजही जात असणार. एकानं विचारलं, "मॅडम, कोण ओरडतंय?"

"माझा भाऊ आहे," मी म्हणाले. "वही उघडा."