तात्यांचा पाला आणि माझा उपास

श्रीगोंद्याहून रक्त तपासायला आलेल्या एका बाईंनी बाही वर सरकवता सरकवता सांगितलं, "आपलं दगडूतात्या गेलं की, ताई." सुई हातातच राहिली... त्याला आता महिना होईल.

तात्या शेतकरी. बांधावरच्या गुडमारचा पाला ते मधुमेहाच्या माणसांना फुकट देत. हा पाला चघळल्यावर गूळसुद्धा मातीसारखा लागतो. श्रीगोंद्याला भावाकडे राहणाऱ्या माझ्या आईने त्या पाल्याच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या सोडल्या, तेव्हा मी तणतणत तात्यांच्या वस्तीवर गेले. नगरात माझी छोटी लॅब. झाडपाल्याचा मला तिटकारा. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग तपासा की, ताई. गुण न्हाई आला तर पाला द्यायचा मीच बंद करतो."

आईसकट नऊ जणांचं रक्त मी पहाटेच वस्तीवर जाऊन, कुणी चहासुद्धा घ्यायच्या आत तपासायला घेतलं, मग महिनाभर पाला. दुसऱ्या तपासणीला लॅबात बोलावताना मी निरोप धाडला, सकाळी उपास करून या. बहुतेकांची साखर वाढलेली निघाली. खरं सांगते, मला आनंदच झाला. तात्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून दारात आलेल्यांना परत पाठवू लागले.

चार दिवसांनी आई सहज म्हणाली की त्या सकाळची खिचडी काय छान झाली होती. मी चमकलेच. उपास म्हटल्यावर साऱ्यांनी एकादशीसारखा धरला होता. साबुदाणा, रताळी, केळी खाऊन मंडळी एसटीत बसली होती. चूक माझ्या शब्दाची, शिक्षा त्यांच्या पाल्याला.

मान खाली घालून वस्तीवर गेले. तात्या पोटभर हसले. पुन्हा तपासलं तेव्हा काहींची साखर थोडी उतरली होती, काहींची जशीच्या तशी, आईची मात्र चढलेलीच. तात्या तिला म्हणाले, "माय, तुमी गोळी सोडू नका. माझ्या पाल्यापायी तुमचं बरंवाईट झालं, तर मी तोंड कुठं दावू?" माझं कधीच न ऐकणाऱ्या आईने त्यांचं ऐकलं. आज ती धडधाकट आहे, हे मी त्यांचं देणं मानते. पुढे डॉक्टरांना विचारून आल्याशिवाय त्यांनी कुणाला पाला दिला नाही.

लॅबात पाटी लावा, हेही त्यांनीच सुचवलं. ती मी त्यांच्याच शब्दांत लिहिली, एक अक्षर सुधारलं नाही.

त्या दिवशी डोळे पुसून मी बाईंना नेहमीचा प्रश्न विचारला, काही खाऊन आलात का? त्यांनी नुसतं भिंतीकडे बोट केलं...

'उपाशी म्हंजी उपाशी. साबुदाना बी न्हाई.'