नववा फॉर्म

गल्लीत त्यांना सगळे ग्रहवाले म्हणत. नव्यानं राहायला आलेल्यांना वाटायचं, हे गृहस्थ भविष्य बघतात. एक बाई तर नोकरी कधी लागेल ते विचारायला दारात येऊन उभी राहिली. तिला आत बोलावून, चहा पाजून ग्रहवाले म्हणाले, "बाई, माझे ग्रह वेगळे. तिथं माणसं जाऊन उतरतात. ते माणसांच्या मागे लागत नाहीत."

दोनशे एकतीस पुस्तकं होती त्यांच्या नावावर, सगळी अवकाशातली. स्वतः मात्र ते चष्म्याच्या कारखान्यात काचा घासत. चौतीस वर्षं एकच बाक, एकच चाक आणि बोटांच्या पेरांत कायमची बसलेली पांढरी पूड. जेवणाच्या सुट्टीत चाक थांबलं की एका हातानं डबा संपवायचा आणि दुसऱ्या हातानं लिहायचं. एखादं जाड भिंग तपासायला उजेडाकडे धरलं की समोरची विटांची भिंत वाकून पोट काढायची आणि ग्रहवाल्यांना नवा ग्रह सापडायचा.

त्यांचा प्रकाशक तोंडाचा फटकळ, पण मनानं चांगला माणूस. त्याच्या जुन्या यंत्रावर सोळा पानांचा एक फॉर्म निघे आणि पुस्तक असे आठ फॉर्मांचं. "नववा फॉर्म झाला तर छापणार नाही," असा त्याचा दम. त्यामुळे सव्वाशेव्या पानावर सूर्य विझायला लागला, तरी उरलेल्या तीन पानांत त्याची काय ती सोय लावावी लागे. एकदा त्याचा फोन आला, "या खेपेला परग्रहावरची माणसं हिरवी नकोत हं. हिरवी शाई संपलीय." ग्रहवाल्यांनी ती जांभळी केली, आणि नेमकं तेच पुस्तक सगळ्यांत जास्त खपलं.

पंचेचाळीस दिवसांत एक पुस्तक हातावेगळं. हे जमायचं कारण घरातली शांतता. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत टेबल आणि लावलेलं दार. बाहेर बायको भांडंसुद्धा बेतानं खाली ठेवी. "श्श! बाबा लिहितायत," हे त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं आयुष्यात ऐकलेलं पहिलं पूर्ण वाक्य असावं.

लेक नऊ वर्षांची असताना एका दुपारी दारावर टकटक झाली.

"बाबा, चंद्रावर आपली सावली कुठल्या रंगाची पडते?"

"थांब हं ठमे. एवढं पान होऊ दे."

पानामागून पान होत गेलं. दार उघडलं तेव्हा ठमी उंबरठ्याशीच भिंतीला टेकून झोपलेली होती. तिला ओलांडून ते पाणी प्यायला गेले. परत येतानाही ओलांडूनच आले, कारण डोक्यात एक वाक्य अर्धं होतं. ते वाक्य कुठलं, हे पुढे त्यांना कधीच आठवलं नाही. तिला ओलांडलेलं मात्र आठवत राहिलं.

मुलगी शिकली, पूल बांधणारी इंजिनिअर झाली, समुद्रापलीकडे गेली आणि तिथेच तिनं संसार थाटला. ग्रहवाले निवृत्त झाले. दोन वर्षांनी बायको साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. आता घरात श्श म्हणणारं कुणी नव्हतं, तरी सगळं चिडीचूप. ग्रहवाले दार सताड उघडं टाकून लिहायला बसत. मध्येच मान वर करून दाराकडे बघत, आणि पुन्हा खाली घालत.

मग हातानं दगा दिला. पेन धरलं की बोटं आखडायची. डॉक्टर म्हणाले, "काका, इतकी वर्षं चाक, वर ही एवढी पानं. आता हातालाही निवृत्त करा."

"मोबाइलला सांगा की," प्रकाशक म्हणाला, "तो घेतो लिहून." मोबाइलनं 'गुरुत्वाकर्षण' ऐकलं आणि 'गुरूचं आकर्षण' लिहिलं. 'यानाचं दार' म्हटलं तर 'या, नाचणार' लिहून मोकळा. लेकीच्या फोनवर ग्रहवाल्यांनी हे गाऱ्हाणं सांगितलं, तशी ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

"बाबा, मलाच सांगा. मी टाइप करते. दर रविवारी, तुमच्याकडे सकाळचे दहा. चालेल?"

न चालायला काय झालं होतं! रविवारी नऊ वाजताच ग्रहवाले इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले. गोष्ट साधी होती. एक कप्तान यान घेऊन घरी परत निघालाय. पहिले दोन रविवार दोघंही अवघडलेली. ते शाळामास्तरासारखे "स्वल्पविराम, पूर्णविराम" करत सांगत, ती मुकाट्यानं टाइप करी. तिसऱ्या रविवारी तिनं मध्येच विचारलं, "बाबा, या कप्तानाच्या घरी कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"तुमच्या कुठल्याच कप्तानाच्या घरी कुणी नसतं. दोनशे एकतीस पुस्तकांत एकालाही मूलबाळ नाही. ती जांभळी माणसं तर खडकातूनच उगवतात."

ग्रहवाले चमकले. "तू वाचलीयस?"

"सगळी. शाळेतून आले की कॉटखाली बसून वाचायची. नवीन आली ती इकडे मागवून. दाराआड तुम्ही काय करताय ते कळायला दुसरा मार्गच नव्हता ना."

बोलण्यात तक्रार नव्हती. शेजारची दुकानं किती वाजता उघडतात हे सांगावं, तसं तिनं सांगितलं. घसा खाकरून ग्रहवाले नुसतंच म्हणाले, "स्वल्पविराम." आणि दोघंही हसत सुटली.

त्या दिवशी कप्तानाला एक मुलगी झाली, आणि पुस्तक लांबायला लागलं. घर एका ग्रहाच्या अंतरावर आलं की इंधन गळे. इंधन मिळालं की वाट चुके. दोन पानं मजकूर आणि अर्धा तास गप्पा. तिच्या पुलांच्या, तिच्या दुखऱ्या गुडघ्याच्या, आईच्या. आई चिडली की घरातली सगळी कपाटं आवरायला काढायची, हे दोघांनाही वेगवेगळं आठवत होतं. नववा फॉर्म गेला, तेरावा गेला, विसावा लागला.

"अहो, हा कप्तान घरी जाणार आहे की तिकडेच मुक्काम ठोकणार?" प्रकाशक फोनवर करवादला.

"वाटेत अडचणी फार आहेत."

"अडचणी तुम्हीच घालताय!"

ते खरंच होतं. पंचेचाळीस दिवसांत विश्वं आटोपणारा माणूस दीड वर्ष एका कप्तानाला घराच्या दारातून परत फिरवत होता.

अशाच एका रविवारी कप्तानासमोर धूमकेतू आडवा आला होता. तेवढ्यात पलीकडे दार करकरलं. सहा वर्षांची नात.

"आई, येऊ?"

"आत्ता नको गं राणी. आजोबांचं चाललंय. बाहेर थांब." दार लागलं. "हं बाबा, धूमकेतू."

ग्रहवाल्यांनी मान वळवून आपल्या उघड्या दाराकडे बघितलं.

"बाबा? आवाज येतोय ना?"

"येतोय. ती दर रविवारी बाहेर थांबते का गं?"

"सवय झालीय तिला."

ग्रहवाल्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "लिही. धूमकेतू बाजूनं निघून गेला."

"एवढ्यात? गेल्या रविवारी तर नुसतं शेपूट दिसलं होतं."

"गेला म्हटलं ना. इंधन पुरलं. वाट सापडली. यान अंगणात उतरलं. मुलगी धावत बाहेर आली. कप्तान तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला..."

"काय म्हणाला, बाबा?"

"म्हणाला, तुला काहीतरी विचारायचं होतं ना? विचार. पूर्णविराम."

पलीकडची टायपिंगची टकटक थांबली.

"संपलं?" तिनं हळूच विचारलं.

"संपलं. जा, तिला आत घे आधी."

पुस्तक दोन भागांत निघालं. प्रकाशकानं कुरकुर केली, पण मुखपृष्ठ झकास करून दिलं. एका वाचकानं पत्र पाठवलं, की कथा उत्तम आहे, पण शेवट घाईघाईनं उरकला आहे. ग्रहवाल्यांना ते अगदी पटलं.

लेक अजूनही फोन करते, पण आता रविवारी नाही, बुधवारी, कामावरून परतताना, दहा मिनिटं. मागे वाऱ्याचा आवाज असतो. परवा म्हणाली, "बाबा, पुढचं कधी सुरू करायचं? माझी बोटं शिवशिवतायत."

ग्रहवाल्यांच्या डोक्यात तेव्हा तीन गोष्टी तयार होत्या. त्यातल्या एका ग्रहावर हाक मारली की ती पोचायला दोन पिढ्या लागतात.

"बघू गं," ते म्हणाले. "सध्या काही सुचतच नाहीये."

"तुम्हाला? सुचत नाही?"

"वय झालं आता."

फोन ठेवल्यावर त्यांनी त्या गोष्टीचं पहिलं वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. बरं वाटलं कानाला. विसरायला नको, म्हणून पुन्हा एकदा म्हटलं.